नॅशव्हिलची तालीम

टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल १९५०च्या दशकात स्वतःला ‘दक्षिणेचे अथेन्स’ म्हणवून घेत असे. शहरात महाविद्यालयांची रेलचेल होती आणि एका सार्वजनिक बागेत ग्रीकांच्या पार्थेनॉनची पूर्णाकृती प्रतिकृती उभी होती. अलाबामा-मिसिसिपीतल्यासारखा आडदांडपणा आपल्याकडे नाही, अशी इथल्या गोऱ्या प्रतिष्ठितांची समजूत होती. कृष्णवर्णीयांना मतदान करता येत असे, नगर परिषदेत त्यांचे प्रतिनिधीही होते. मात्र मध्यवर्ती बाजारातल्या मोठ्या दुकानांचा नियम दक्षिणेतल्या इतर शहरांसारखाच होता. काळ्या गिऱ्हाइकाने कापड, वह्या, साबण खुशाल विकत घ्यावा. त्याच छताखालच्या लंच काउंटरवर बसून कॉफी मागू नये. खरेदीला आलेल्या बाईला दमलेल्या मुलाला घेऊन बसायला जागा नसे आणि स्वच्छतागृह शोधत लांब जावे लागे.

१९६०च्या विद्यार्थी आंदोलनाची गोष्ट सहसा नॅशव्हिलपासून सांगितली जात नाही. ती सुरू होते नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोपासून. १ फेब्रुवारी १९६० रोजी तिथल्या कृषी व तंत्र महाविद्यालयातले एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन आणि जोसेफ मॅकनील हे पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी किरकोळ खरेदी केली, पावत्या घेतल्या आणि लंच काउंटरवर बसून कॉफी मागितली. ती मिळाली नाही, पण दुकान बंद होईपर्यंत ते उठलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. आठवडा संपेपर्यंत गर्दी शेकड्यांवरून हजाराच्या पुढे गेली. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि काही आठवड्यांत हे लोण दक्षिणेतल्या डझनावारी गावांत पोहोचले. ग्रीन्सबरोच्या वूलवर्थने अखेर २५ जुलैला काउंटर खुले केले, तेव्हा तिथे पहिल्यांदा जेवले ते दुकानातलेच कृष्णवर्णीय कर्मचारी.

या चौघांचे धाडस निर्विवाद आहे. पण धाडस एका दिवसाचे असते आणि आंदोलन महिनोन्‌महिने चालवावे लागते. ती तयारी नॅशव्हिलमध्ये ग्रीन्सबरोच्या आधीपासून सुरू होती, आणि तिचा एक धागा नागपुरातून आलेला होता.

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८चा. मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरात ओहायो राज्यात ते वाढले. महाविद्यालयात असताना त्यांनी गांधीजींचे लेखन वाचले होते. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला त्यांनी नकार दिला. धर्मशिक्षण घेणाऱ्यांना मिळणारी सवलत त्यांना मागता आली असती, पण ती न मागता त्यांनी वर्षाहून अधिक काळ तुरुंगवास भोगला. १९५३मध्ये मेथडिस्ट मिशनने त्यांना नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पाठवले. तिथे खेळांचे मार्गदर्शक म्हणून त्यांनी सुमारे तीन वर्षे काढली. गांधीजींच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. १९२३चा झेंडा सत्याग्रह ज्या शहरात झाला आणि जिथून सेवाग्राम फारसे दूर नाही, तिथे सत्याग्रह पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. त्यात तुरुंगात जाऊन आलेली माणसे भोवती वावरत होती. डिसेंबर १९५५मध्ये लॉसन यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्ये अलाबामातल्या माँटगमरीची बातमी वाचली. तिथल्या कृष्णवर्णीयांनी शहराच्या बससेवेवर बहिष्कार टाकला होता आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण धर्मोपदेशक त्यांचे नेतृत्व करत होता. आपण जे शोधत होतो ते आपल्याच देशात सुरू झाले, या आनंदात ते ओरडून उठले, असे ते पुढे सांगत.

१९५७च्या आरंभी ओहायोतल्या ओबरलिन महाविद्यालयात किंग आणि लॉसन यांची भेट झाली. दोघे जवळपास एकाच वयाचे. शिक्षण पुरे करून मग दक्षिणेत येण्याचा लॉसन यांचा बेत होता. अहिंसक प्रतिकाराचे तंत्र जाणणारे आपल्याकडे फार थोडे आहेत, तेव्हा वाट न पाहता आत्ताच या, असे किंग यांनी सुचवले. पुढच्या वर्षी लॉसन नॅशव्हिलला आले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात त्यांनी नाव घातले. हे विद्यापीठ गोऱ्यांचे होते; मोजक्या कृष्णवर्णीयांना तिथे नुकता प्रवेश मिळू लागला होता. शहरात रेव्हरंड केली मिलर स्मिथ यांनी ‘नॅशव्हिल ख्रिश्चन लीडरशिप कौन्सिल’ ही संघटना उभी केली होती. तिच्या वतीने लॉसन यांनी अहिंसेचे अभ्यासवर्ग सुरू केले. १९५९च्या शरद ऋतूत ते क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये आठवड्याला नेमाने भरू लागले.

वर्गाला येणारी मुले चार कृष्णवर्णीय संस्थांतली होती : फिस्क विद्यापीठ, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय, टेनेसी ए अँड आय हे सरकारी महाविद्यालय आणि अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरी. या संस्थांमध्ये आपसांत सामाजिक अंतर पुष्कळ होते. फिस्क म्हणजे सुखवस्तू घरांतली मुले. सेमिनरी म्हणजे भांडी घासून, झाडलोट करून शिकणारी खेड्यातली मुले. डायन नॅश शिकागोहून फिस्कला आलेल्या. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असल्या पाट्यांशी त्यांचा पहिला सामना दक्षिणेत आल्यावर झाला आणि तो अपमान त्यांना गिळता येईना. जॉन लुईस अलाबामातल्या एका शेतकऱ्याचे पुत्र, बोलायला भिडस्त. त्यांचेच सहाध्यायी जेम्स बेव्हेल तापट आणि वाक्पटू, तर बर्नार्ड लाफायेट फ्लोरिडाचे, वयाने लहान. मॅरियन बॅरी फिस्कमध्ये रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. पुढच्या पाच वर्षांत दक्षिणेतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या लढ्यात यांपैकी कोणी ना कोणी आघाडीवर दिसते.

वर्गात आधी वाचन आणि चर्चा होई. येशूचे गिरिप्रवचन, थोरो, गांधीजी, लाओ त्झू असा त्याचा पैस होता. मग प्रात्यक्षिक. काहींनी काउंटरवर बसलेल्या निदर्शकांचे सोंग घ्यायचे, काहींनी गोऱ्या टोळक्याचे. टोळके शिव्या देई, सिगारेटचा धूर तोंडावर सोडी, केस ओढी, खुर्चीवरून खाली खेचे. बसलेल्याने हात उचलायचा नाही. खाली पडल्यावर अंग मुडपून डोके आणि पोट कसे सांभाळावे, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यावी, सोबत्याला मार बसत असेल तर मध्ये पडून तो आपल्या अंगावर कसा घ्यावा, हे सारे पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाई. नॅश सुरुवातीला साशंक होत्या. हे प्रत्यक्षात चालेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण दुसरा कोणताच मार्ग समोर नव्हता, म्हणून त्या येत राहिल्या.

कशापासून सुरुवात करायची, हे ठरवण्यात बराच वेळ गेला. शाळा, घरे, नोकऱ्या असे विषय पुढे आले. शेवटी वस्तीतल्या बायकांचे ऐकून बाजारातली दुकाने निवडली गेली, आणि लॉसन यांच्या पद्धतीतला हा बारकावा महत्त्वाचा आहे. पोरांनी आपल्याला कॉफी मिळावी म्हणून लढा उभारला, असे हिणवणारे तेव्हा होते आणि नंतरही झाले. प्रत्यक्षात ज्या दुकानांची कमाई कृष्णवर्णीयांच्या पैशावर अवलंबून होती, तिथेच घाव घालायचा हा विचार पक्का होता. २८ नोव्हेंबर १९५९ला हार्वीज आणि ५ डिसेंबरला केन-स्लोन या दुकानांत छोट्या तुकड्या गेल्या. नकार मिळताच व्यवस्थापकाशी शांतपणे बोलून त्या बाहेर पडल्या. ही नुसती चाचपणी होती. नाताळच्या सुट्टीनंतर पुढचे पाऊल उचलायचे असे ठरत असतानाच ग्रीन्सबरोची बातमी येऊन थडकली.

आता शेकडो मुले धावून आली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी अभ्यासवर्गाचे तोंडही पाहिले नव्हते. वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की थोडे थांबावे. अटक झाली तर जामिनासाठी कौन्सिलकडे शंभर डॉलरसुद्धा नाहीत. मुले थांबायला तयार नव्हती. नवख्यांना घाईघाईने नियम शिकवले गेले. शनिवार, १३ फेब्रुवारीला बर्फ पडत असताना १२४ विद्यार्थी स्मिथ यांच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमधून निघाले आणि फिफ्थ अव्हेन्यूवरच्या वूलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या दुकानांत जाऊन बसले. मुलगे कोट-टायमध्ये, मुली ठेवणीतल्या पोशाखात, सगळ्यांच्या हाती अभ्यासाची पुस्तके. वाढणाऱ्या बायका गोंधळल्या. काउंटर बंद झाले. काही तासांनी विद्यार्थी उठून गेले. पुढच्या आठवड्यात हेच दोनदा घडले आणि दर खेपेला संख्या वाढत गेली.

२७ फेब्रुवारीच्या शनिवारी आज हल्ला होणार आणि पोलीस बाजूला राहणार, अशी कुणकुण आधीच लागली होती. लुईस आणि लाफायेट यांनी वागणुकीचे नियम लिहून काढले होते आणि त्यांच्या प्रती वाटल्या होत्या. उलट मारू नये, शिवी देऊ नये, हसू नये, ताठ बसावे, तोंड कायम काउंटरकडे ठेवावे, जागा सोडायची तर प्रमुखाला विचारूनच. दुकानांत गोऱ्या तरुणांची टोळकी तयार होती. मुलांना स्टुलांवरून खेचून तुडवले गेले, पेटत्या सिगारेटी अंगावर विझवल्या गेल्या. पोलीस आले ते मार खाणाऱ्यांना पकडायला. मारणाऱ्यांना त्यांनी हात लावला नाही. एक तुकडी गाडीत चढवली की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे, मग तिसरी. ८१ जणांना अटक झाली, त्यांत काही गोरे विद्यार्थीही होते. शांतताभंगाचा आरोप ठेवलेल्या या मुलांपैकी कोणीही शांततेचा भंग केलेला नव्हता.

खटला सोमवारी उभा राहिला. न्यायालयाबाहेर हजारोंचा जमाव होता. बचावाचे काम अँटिग्वा बेटावर जन्मलेले ज्येष्ठ वकील आणि नगरसेवक झेड. अलेक्झांडर लूबी यांनी अंगावर घेतले होते. ते युक्तिवाद करू लागताच न्यायाधीशांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. दंड प्रत्येकी ५० डॉलर. आता मुलांनी जे केले त्याने प्रकरणाचा रंग पालटला. दंड भरणे म्हणजे अन्यायाला वर्गणी देणे, अशा आशयाचे निवेदन नॅश यांनी न्यायालयातच केले आणि मुले तुरुंगात गेली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय घरांत तुरुंग म्हणजे डाग समजला जाई. आईबापांनी पोटाला चिमटा काढून पोर कॉलेजात पाठवावे आणि त्याने कैदी व्हावे, हे त्यांना पचणे सोपे नव्हते. लुईस यांच्या आईने अशीच कळवळून पत्रे लिहिली. एप्रिलमध्ये ख्यातनाम वकील थरगूड मार्शल यांनी फिस्कमध्ये भाषण करताना मुलांना तुरुंगात न राहता जामीन घेण्याचाच सल्ला दिला. वर्णभेद न्यायालयात लढून संपवायचा, ही त्यांच्या पिढीची वाट होती आणि शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धचा १९५४चा खटला त्यांनी तिनेच जिंकला होता. मुलांनी त्यांचे ऐकून घेतले आणि आपली वाट बदलली नाही.

महापौर बेन वेस्ट मवाळ वृत्तीचे होते आणि कृष्णवर्णीय मतदारांचे त्यांच्यावर ऋण होते. त्यांनी मुलांना सोडवले आणि एक समिती नेमली. याच सुमारास व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकले. स्थानिक ‘नॅशव्हिल बॅनर’चे प्रकाशक जेम्स स्टॅलमन हे विद्यापीठाचे विश्वस्त होते आणि त्यांच्या या वर्तमानपत्राने लॉसन यांच्याविरुद्ध रान उठवले होते. निषेध म्हणून धर्मशास्त्र विभागातल्या बहुसंख्य प्राध्यापकांनी राजीनामे पुढे केले. लॉसन यांनी पदवी अखेर बोस्टन विद्यापीठातून घेतली. पुढे २००६मध्ये व्हँडरबिल्टने त्यांची जाहीर माफी मागून त्यांना अतिथी प्राध्यापक म्हणून बोलावले. फिस्कचे अध्यक्ष स्टीफन राइट मात्र पहिल्यापासून विद्यार्थ्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. त्यांची संस्था खाजगी होती. राज्य सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रमुखांना ही मोकळीक नव्हती.

समितीने एप्रिलच्या सुरुवातीला तोडगा काढला : काउंटरचे दोन भाग करावेत, एक फक्त गोऱ्यांचा, दुसरा सर्वांचा. विद्यार्थ्यांनी तो फेटाळला. तोवर बाजारावर बहिष्कार पडला होता. ईस्टरला नवे कपडे घेण्याची कृष्णवर्णीय कुटुंबांत मोठी रीत. त्या वर्षी घराघरांत जुनेच कपडे काढले गेले. दंगलीच्या धास्तीने गोरी गिऱ्हाइकेही बाजारात फिरकेनात. दुकानदारांचा गल्ला दोन्ही बाजूंनी आटला.

१९ एप्रिलच्या पहाटे लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकले गेले. घराचा दर्शनी भाग कोसळला. समोरच्या मेहॅरी महाविद्यालयाच्या शंभराहून अधिक खिडक्यांच्या काचा फुटल्या. मागच्या खोलीत झोपलेले लूबी पतिपत्नी बचावले. दुपारी काही हजार माणसे टेनेसी ए अँड आयपासून जेफरसन स्ट्रीटने नगरभवनाकडे निघाली. घोषणा नाहीत, गाणी नाहीत. रस्त्यावर ऐकू येत होते ते फक्त पायांचे आवाज. पायऱ्यांवर महापौर आले. रेव्हरंड सी. टी. व्हिव्हियन यांनी वाचलेल्या कडक निवेदनावर ते तडकले आणि प्रकरण हमरीतुमरीवर जाणार असे दिसू लागले. तेव्हा एकवीस वर्षांच्या नॅश यांनी सूर बदलला. माणसाच्या केवळ रंगावरून भेद करणे योग्य वाटते का, असे त्यांनी महापौरांना विचारले. मग लंच काउंटर सर्वांना खुले व्हावेत का, असा नेमका प्रश्न टाकला. महापौर म्हणाले, हो. मुत्सद्देगिरीच्या कसोटीवर पाहिले तर त्या वर्षातला सगळ्यात कसबी प्रश्न हाच असावा. दुकानदारांना भीती होती ती माघार घेणारा पहिला ठरण्याची. ते ओझे महापौरांच्या एका शब्दाने उतरले. दुसऱ्या दिवशी किंग यांची फिस्कमध्ये सभा झाली. आपण इथे प्रेरणा द्यायला नव्हे, घ्यायला आलो आहोत, असे ते म्हणाले.

१० मे रोजी सहा दुकानांनी काउंटर खुले केले. हे सारे ठरवून, गाजावाजा न करता झाले. किती माणसे किती वाजता येणार हे आधी कळवलेले होते, आणि वर्तमानपत्रांनीही संयम पाळला. वर्णभेद इतक्याने संपला नाही. शहरातली चित्रपटगृहे, हॉटेले, उपाहारगृहे यांच्यापुढे पुढची काही वर्षे धरणी सुरूच राहिली.

दरम्यान, लूबी यांच्या घरावरील स्फोटाच्या जेमतेम दोन दिवस आधी, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेमध्ये शॉ विद्यापीठात ठिकठिकाणच्या आंदोलक विद्यार्थ्यांची तीन दिवसांची परिषद पार पडली होती. ती भरवली एला बेकर यांनी. त्या छप्पन्न वर्षांच्या, किंग यांच्या संघटनेच्या कार्यकारी प्रमुख आणि शॉच्याच माजी विद्यार्थिनी. मुलांनी आपल्या संघटनेची युवा शाखा व्हावे असे किंग यांच्या सहकाऱ्यांच्या मनात होते. बेकर यांना ते मान्य नव्हते. एका थोर नेत्याभोवती चळवळ फिरू लागली की बाकीचे प्रेक्षक होतात, असे त्यांचे अनुभवाचे मत होते. मुलांनी स्वतंत्र राहावे असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यातून ‘स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’ जन्माला आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सारे ‘स्निक’ म्हणत. पहिले अध्यक्ष नॅशव्हिलचे मॅरियन बॅरी झाले, उद्देशपत्रिकेचा मसुदा लॉसन यांनी लिहिला.

या तालमीची खरी परीक्षा मे १९६१मध्ये झाली. आंतरराज्य बस स्थानकांवरील उपाहारगृहांत वर्णभेद करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६०मध्ये दिला होता. तो खटलाही बस स्थानकावर अटक झालेल्या ब्रूस बॉइंटन या कायद्याच्या विद्यार्थ्याचा. दक्षिणेत तो निर्णय कोणी पाळत नव्हते. ते उघड करण्यासाठी ‘कोर’ या संघटनेने गोऱ्या-काळ्या प्रवाशांची मिश्र तुकडी वॉशिंग्टनहून बसने पाठवली. जॉन लुईस तिच्यात होते. १४ मे रोजी अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनजवळ एक बस जाळण्यात आली, तर बर्मिंगहॅममध्ये दुसऱ्या बसमधल्या प्रवाशांना बेदम मारहाण झाली. कोरने यात्रा आवरती घेतली.

हिंसेने यात्रा थांबते असे एकदा दिसले, तर पुढे प्रत्येक आंदोलनावर हिंसाच होईल, असे नॅश यांनी ओळखले. १७ मे रोजी दहा विद्यार्थी नॅशव्हिलहून बर्मिंगहॅमला निघाले. वार्षिक परीक्षा तोंडावर होत्या. केंद्र सरकारतर्फे जॉन सायगेनथेलर यांनी नॅश यांना फोन करून जिवाच्या धोक्याची जाणीव करून दिली. मुलांनी आदल्या रात्रीच मृत्युपत्रे लिहून ठेवली आहेत, असे उत्तर त्यांना मिळाले. बर्मिंगहॅमचा सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याने त्यांना अटक केली आणि रात्री टेनेसीच्या सीमेवर नेऊन सोडून दिले. दुसऱ्या दिवशी ते मोटारीने परत बर्मिंगहॅमला हजर झाले. २० मे रोजी माँटगमरीच्या स्थानकात जमावाने त्यांना गाठले. लुईस आणि फिस्कमध्ये तात्पुरते शिकायला आलेले गोरे विद्यार्थी जिम झ्वर्ग रक्तबंबाळ झाले. मुलींना वाचवायला गेलेले सायगेनथेलर डोक्यात फटका बसून बेशुद्ध पडले. यात्रा तरीही मिसिसिपीपर्यंत गेली. उन्हाळाभर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत राहिली. जॅक्सन शहरात तीनशेहून अधिक जणांना अटक झाली आणि अनेकांची रवानगी पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात झाली. शेवटी केंद्रीय आयोगाने नियम काढले, आणि १ नोव्हेंबर १९६१पासून स्थानकांवरच्या वर्णभेदाच्या पाट्या उतरवाव्या लागल्या.

नंतरचा पट मोठा आहे. स्निकचे कार्यकर्ते मिसिसिपी आणि जॉर्जियाच्या खेड्यांत मतदार नोंदणीला गेले. १९६४च्या उन्हाळ्यात उत्तरेकडचे सुमारे हजार विद्यार्थी, बहुतेक गोरे, त्यांच्या मदतीला आले, आणि तिघा कार्यकर्त्यांचा खून झाला. सेल्मा गावातल्या कामाची पायाभरणी लाफायेट यांनी केली. मार्च १९६५मध्ये तिथल्या पुलावर पोलिसांची काठी ज्यांच्या डोक्यात बसली त्यांत लुईस होते. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा या लढ्यांतून आले. पण इतका मार खाऊन अहिंसेवरचा अनेकांचा विश्वास उडाला होता. १९६६मध्ये लुईस यांच्या जागी स्टोकली कार्मायकल अध्यक्ष झाले, ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा घुमली आणि नॅशव्हिलचे वळण मागे पडले.

महाविद्यालयांनी आपल्याच विद्यार्थ्यांशी केलेला व्यवहार हा या काळाचा कमी सांगितला जाणारा भाग आहे. टेनेसी ए अँड आयने बसयात्रेत गेलेल्या १४ विद्यार्थ्यांना काढून टाकले. २००८मध्ये त्यांना मानद पदव्या देण्यात आल्या. माँटगमरीतल्या अलाबामा स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९६०मध्ये न्यायालयाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात धरणे धरले, तेव्हा राज्य शिक्षण मंडळाने नऊ जणांना, आरोप न सांगता आणि बाजू न ऐकता, काढून टाकले. त्यांच्यापैकी काही जण न्यायालयात गेले. तोवर महाविद्यालय म्हणजे पालकच, त्याने कुणाला ठेवावे आणि कुणाला हाकलावे हा त्याचा प्रश्न, असे अमेरिकी न्यायालये मानत आली होती. ऑगस्ट १९६१मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने हा समज मोडला. सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्याला काढून टाकण्यापूर्वी आरोप कळवावेच लागतील आणि त्याचे म्हणणे ऐकावे लागेल, असे त्याने ठरवले. ‘डिक्सन’ या नावाने हा निकाल ओळखला जातो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात देशभरच्या विद्यापीठांत निदर्शने सुरू झाली, तेव्हा कारवाई झालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या वकिलांनीही त्याचाच आधार घेतला.